धावपळीच्या आयुष्यात चांगुलपणाला जागा कुठे, आणि त्यातून अर्थ कसा सापडतो

प्रश्न: माझे वय छत्तीस. डोंबिवलीत राहतो, लोअर परळला एका खासगी कंपनीत हिशेबाचे काम करतो. घरी पत्नी, सात वर्षांची मुलगी आणि आई आहे. पैशांची फार ओढाताण नाही, घरात भांडणतंटा नाही, तरीही गेली दोनेक वर्षे ‘हे सगळे कशासाठी?’ असे वाटत राहते. दुसऱ्यांसाठी काही करा, म्हणजे आयुष्याला अर्थ येईल, असे सगळेच सांगतात. एका संस्थेला देणगी दिली, एका रविवारी सहकाऱ्यांबरोबर अन्नवाटपाला गेलो. फोटो निघाले, पण आत काही हलले नाही. रोजच्या प्रवासात आणि कामात वेळही फारसा उरत नाही. आमच्या मजल्यावर एक आजोबा एकटे राहतात. त्यांच्याकडे जावेसे वाटते, पण एकदा गेलो की अपेक्षा वाढतील म्हणून टाळतो. रोजच्या साध्या चांगुलपणाने खरोखर अर्थ सापडतो का? आणि स्वतःला बरे वाटावे म्हणून दुसऱ्याचे भले करणे हा स्वार्थच नाही का?

उत्तर: तुमच्या प्रश्नाचे थेट उत्तर आधी देते. रोजच्या चांगुलपणातून आयुष्याला अर्थ येतो, हा माझ्या कामात वारंवार आलेला अनुभव आहे. मात्र तो कोणत्याही चांगल्या कृतीतून येत नाही आणि एका दिवसात तर मुळीच येत नाही. ठरावीक माणसे, पुन्हा पुन्हा केलेली साधी कृती आणि ‘हा माणूस येणार’ असा कुणाला तरी वाटू लागलेला भरवसा, या तिन्हींच्या मेळातून तो सावकाश तयार होतो. तुम्ही देणगी दिलीत, अन्न वाटलेत, ही कामे चांगलीच होती, त्यांतून कुणाचे तरी पोट भरले. पण ज्यांच्या ताटात तुम्ही अन्न वाढले त्यांतल्या एकाचेही नाव तुम्हाला ठाऊक नाही, त्यांना तुमचे ठाऊक नाही, आणि पुढच्या रविवारी तुम्ही गेला नाहीत तेव्हा तुमची वाट पाहणारे तेथे कुणी नव्हते. आत काही हलले नाही याचे कारण मला तेथे दिसते. तुमचे मन कोरडे झाले आहे, असा निष्कर्ष त्यावरून काढू नका.

मी मुंबईतील एका सार्वजनिक रुग्णालयात अनेक वर्षे वैद्यकीय समाजसेविका म्हणून काम केले आणि आता समुपदेशन करते. हा व्यवसाय या शहरात जुना आहे. आज टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखली जाणारी संस्था १९३६ मध्ये येथेच सुरू झाली, आणि देशातील पहिली वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक १९४६ मध्ये जे. जे. रुग्णालयात झाली. रुग्णाचा आजार डॉक्टर पाहतात. त्या आजारापायी त्याच्या घराचे, नोकरीचे, कर्जाचे आणि मनाचे काय झाले ते पाहणे हे आमचे काम. ‘हे सगळे कशासाठी?’ हा प्रश्न त्यामुळे मी असंख्य माणसांच्या तोंडून ऐकला आहे, आणि त्याचे उत्तर माणसांना कोठे मिळते हेही जवळून पाहिले आहे.

मोठ्या रुग्णालयाच्या वॉर्डात एक माणूस हमखास आढळतो, ज्याची नोंद कोणत्याही रजिस्टरमध्ये नसते. कोकणातून, मराठवाड्यातून किंवा खानदेशातून आपल्या माणसाला घेऊन आलेला आणि व्हरांड्यात चटई टाकून राहिलेला तो एक नातेवाईक असतो. पहिल्या आठवड्यात तो सैरभैर असतो. केसपेपर कोठे काढायचा, रक्ताचा नमुना कोणत्या खिडकीवर द्यायचा, सोनोग्राफीची तारीख कुणाकडून घ्यायची, सिस्टर एकदा रागावल्या तर पुन्हा विचारावे की नाही, यातले काहीच त्याला उमगत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापर्यंत त्याला सगळे पाठ झालेले असते. मग एखाद्या रात्री स्ट्रेचरबरोबर कुणाचा तरी घाबरलेला मुलगा आत येतो, आणि हा आपल्या चटईवरून उठून म्हणतो, ‘दादा, आधी एवढा कागद खाली दाखवून शिक्का मारून आणा, तोवर मी तुमच्या वडिलांपाशी थांबतो.’ हे काम त्याला कुणी सांगितलेले नसते आणि त्याबद्दल कुणी काही देणारही नसते.

अशा एका गृहस्थांबद्दल सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. सोलापूरकडचे शेतकरी, पत्नीच्या मूत्रपिंडाच्या आजारासाठी आलेले. सुरुवातीला ते माझ्या टेबलासमोर बसून फक्त एकच वाक्य बोलत, ‘बाई, माझ्या हातात काहीच नाही.’ आणि ते खरेच होते. उपचार डॉक्टरांच्या हाती, पैसा ट्रस्टच्या पत्रांवर अवलंबून, गावाकडची शेती भावाच्या भरवशावर. काही आठवड्यांनी तेच गृहस्थ नव्या नातेवाइकांना घेऊन माझ्याकडे येऊ लागले. कोणत्या ट्रस्टच्या अर्जाला उत्पन्नाचा दाखला लागतो, तो तहसीलदार कार्यालयातून लवकर कसा मागवायचा, डायलिसिसच्या दिवशी रुग्णाला आधी काय खायला द्यावे असे डॉक्टरांनी सांगितले आहे, हे ते माझ्याआधीच समजावून सांगत. त्याच सुमारास ते वेळेवर जेवू लागले, दाढी करू लागले, रात्री झोपू लागले. पत्नीच्या आजाराचा निकाल अजूनही त्यांच्या हातात नव्हता, पण सकाळी उठल्यावर आज आपल्यावाचून कुणाचे तरी अडणार आहे, एवढे त्यांना ठाऊक असे. माझ्या मते अर्थ म्हणून आपण जे शोधतो ते बहुतेक वेळा एवढेच असते, आणि एवढे असले की माणूस पुष्कळ सोसू शकतो.

नाझींच्या छळछावण्यांतून वाचलेले व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल यांनी हाच विचार आपल्या उपचारपद्धतीच्या केंद्रस्थानी ठेवला. हातून घडणारे काम, दुसऱ्या माणसावरचे प्रेम किंवा एखादा गहिरा अनुभव, आणि टाळता न येणाऱ्या दुःखाला आपण कसे सामोरे जातो ती वृत्ती, अशा तीन वाटांनी अर्थ सापडतो, अशी त्यांची मांडणी होती. त्यांचे आणखी एक म्हणणे मला रोजच्या कामात फार उपयोगी पडते: माणूस स्वतःकडेच टक लावून बसला की अर्थ हाती लागत नाही, स्वतःपलीकडच्या एखाद्या कामाकडे किंवा माणसाकडे वळला की तो मागाहून येतो. तुमच्या पत्रात ‘आत काही हलले का?’ ही तपासणी सारखी डोकावते. चांगले काम करताना एक डोळा स्वतःच्या मनावर ठेवला, तर समोरच्या माणसाकडे पाहायला अर्धेच लक्ष उरते. निदान तीन महिने ती तपासणी थांबवा, असे मी तुम्हाला आग्रहाने सांगेन.

येथे आनंद आणि अर्थ यांतला फरक लक्षात घ्यायला हवा, कारण ‘चांगुलपणा करा, बरे वाटेल’ या सल्ल्यात तो पुसला जातो आणि लोकांची निराशा होते. २००८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एलिझाबेथ डन आणि सहकाऱ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ४६ जणांना सकाळी पाच किंवा वीस डॉलर देण्यात आले. काहींना ते स्वतःवर, तर काहींना दुसऱ्यावर खर्च करायला सांगितले. संध्याकाळी दुसऱ्यावर खर्च करणारे अधिक आनंदी आढळले, आणि रक्कम पाच होती की वीस याने काही फरक पडला नाही. हा निष्कर्ष दिलासा देणारा आहे, पण तो एका संध्याकाळच्या आनंदाचा आहे. रॉय बाउमाइस्टर आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये सुमारे चारशे प्रौढांच्या पाहणीतून आनंदी आयुष्य आणि अर्थपूर्ण आयुष्य यांची तुलना केली. त्यात इतरांना देणाऱ्यांचे आयुष्य अधिक अर्थपूर्ण आढळले, आणि त्याबरोबरच अर्थपूर्ण आयुष्यात काळजी आणि ताणही अधिक आढळले. माझा अनुभव याच्याशी तंतोतंत जुळतो. ज्याच्यावर कुणी विसंबून असते त्याला चिंता असते, कधी कंटाळा येतो, कधी रविवार हातचा जातो. म्हणून एखाद्या दिवशी चांगले काम करून तुम्हाला प्रसन्न वाटले नाही, तर ते काम फुकट गेले असे मानू नका.

आता तुमच्या वेळेच्या अडचणीकडे वळते, कारण ती खोटी नाही. डोंबिवलीहून गर्दीच्या गाडीत चढायचे, दादरच्या पुलावरून पश्चिम मार्गाच्या गाडीसाठी धावायचे किंवा करी रोडला उतरून चालत जायचे, आणि संध्याकाळी तेच उलट दिशेने करायचे, यात माणसाची बरीचशी शक्ती संपते. पण वेळ नसणे आणि घाईत असणे या दोन वेगळ्या अवस्था आहेत, आणि चांगुलपणाचा घात दुसरी अवस्था अधिक करते. अमेरिकेतील प्रिन्स्टन येथे जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांनी धर्मशास्त्राच्या ४० विद्यार्थ्यांवर केलेला आणि १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग यासाठी मी प्रत्येक प्रशिक्षणात सांगते. विद्यार्थ्यांना दुसऱ्या इमारतीत जाऊन भाषण द्यायचे होते. काहींना उशीर झाल्याचे सांगितले होते, काहींना वेळ आहे असे. वाटेत एक माणूस दाराशी कण्हत, खोकत बसवलेला होता. सवड असलेल्यांपैकी ६३ टक्के विद्यार्थी थांबले. घाईत असलेल्यांपैकी अवघे १० टक्के. विशेष म्हणजे, काही विद्यार्थी वाटेवर जखमी पडलेल्या परक्या माणसाला मदत करणाऱ्याच्या बायबलमधील गोष्टीवर बोलायला निघाले होते, आणि तरीही विषयाने म्हणावा असा फरक पडला नाही.

याचा अर्थ असा की मुंबईत थांबून विचारपूस करणारा माणूस बहुधा पुढे जाणाऱ्यापेक्षा मुळात अधिक भला नसतो; त्या दिवशी त्याच्या हातात दहा मिनिटे अधिक असतात. तेव्हा दिवसातून एका ठिकाणी ही दहा मिनिटे मुद्दाम राखून ठेवा. सकाळी ते जमत नसेल तर परतीच्या वाटेवर ठेवा. स्टेशनवरून घरी येताना, सोसायटीच्या फाटकापासून तुमच्या दारापर्यंतचा टप्पा त्यासाठी उत्तम आहे. त्या टप्प्यात फोन खिशात राहू द्या. रात्रपाळीचा वॉचमन जेवला का, जिना झाडणाऱ्या मावशींच्या मुलीचा दहावीचा निकाल काय लागला, समोरच्या घरातल्या सूनबाई पिशव्या आणि बाळ सांभाळत जिना कशा चढत आहेत, हे तुम्हाला तेव्हाच दिसेल. दिसले की काय करायचे ते शिकवावे लागत नाही.

या शहराला चांगुलपणा अनोळखी नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, गाड्या बंद पडल्या आणि लाखो माणसे छातीभर पाण्यातून घराकडे चालू लागली. त्या रात्री ठिकठिकाणी वस्तीतल्या लोकांनी दोर धरून परक्या माणसांना पाणी पार करून दिले, चाळींनी आणि सोसायट्यांनी आपली दारे उघडली, चहा-बिस्किटे वाटली, ओल्या कपड्यांतल्या बायकांना आपल्या साड्या नेसायला दिल्या. संकटातल्या या मुंबईचे कौतुक आपण सारे करतो, आणि ते योग्यच आहे. पण मला रोजच्या लोकलमधल्या चांगुलपणाचे मोल तितकेच वाटते, कारण तो कुणाच्या लक्षातही येत नाही: तिघांच्या बाकावर थोडे सरकून चौथ्याला टेकायला जागा देणे, धावत आलेल्या माणसाला दारातून हात देऊन आत घेणे, उभ्या असलेल्याची बॅग न सांगता मांडीवर घेणे, घाटकोपरला उठणार असल्याचे आधीच सांगून शेजारच्या थकलेल्या माणसाला जागा राखणे. तुम्ही यातले काही ना काही वर्षानुवर्षे करत असणार. आता त्यात एकच भर घाला: तुमच्या नेहमीच्या गाडीत, नेहमीच्या डब्यात रोज दिसणाऱ्या एका माणसाची चौकशी करा, आणि तो चार दिवस दिसला नाही, तर आल्यावर ‘बरे नव्हते का?’ असे विचारा. आपण दिसलो नाही हे कुणाच्या तरी ध्यानात आले, ही जाणीव विचारणाऱ्याला आणि ज्याला विचारले त्याला, दोघांनाही जोडून घेते.

अशा वेळी संकोच आडवा येतो, उगाच आगाऊपणा वाटेल असे मनात येते. अमित कुमार आणि निकोलस एपली यांच्या २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत हे तपासले गेले. शिकागोतील बर्फावरच्या स्केटिंगच्या मैदानावर लोकांना एक पेला गरम चॉकलेट मिळाले आणि ते स्वतः ठेवा किंवा एखाद्या अनोळखी माणसाला द्या, असे सांगितले. देणाऱ्यांनी घेणाऱ्याला किती बरे वाटेल याचा जो अंदाज केला, त्यापेक्षा घेणाऱ्याला प्रत्यक्षात पुष्कळ अधिक बरे वाटले होते. देणारा वस्तूकडे पाहत होता आणि ती त्याला क्षुल्लक वाटत होती. घेणाऱ्यापर्यंत वस्तूबरोबर आपुलकीही पोहोचत होती.

घराचा विषय मी मुद्दाम वेगळा काढते. तुमच्या पत्रात आई, पत्नी आणि मुलगी यांचा उल्लेख एका वाक्यात येतो आणि पुढे त्या कोठेच दिसत नाहीत. माझ्याकडे येणाऱ्या पुष्कळ चांगल्या माणसांची ही स्थिती असते. बाहेरच्यांशी ती मृदू असतात आणि घरच्यांच्या वाट्याला फक्त दमलेला, उरलेला माणूस येतो. घरच्यांसाठी जे करतो ते कर्तव्य, आणि बाहेर करतो ते चांगले काम, ही विभागणी मला मान्य नाही. आईच्या गुडघ्याला तेल लावून देणे, पत्नीचे दिवसभराचे बोलणे मध्येच तोडगा न सुचवता ऐकून घेणे, मुलीच्या वहीवरचे कव्हर तिच्याबरोबर बसून घालणे, ही कामे करताना तुमचे मन तेथे असेल तर त्यांचे मोल कोणत्याही संस्थेतल्या सेवेपेक्षा तसूभरही कमी नाही. उलट येथे कौतुक होत नाही, फोटो निघत नाहीत आणि काम कधी संपत नाही, म्हणून ते अधिक कठीण असते. सुरुवात कोठून करावी असे तुम्ही विचाराल तर मी आईपासून करा म्हणेन, कारण त्या पिढीतल्या बायका स्वतःहून काही मागत नाहीत.

आता तुमच्या मजल्यावरच्या आजोबांबद्दल. अपेक्षा वाढतील ही तुमची भीती रास्त आहे, पण तिच्यावर टाळण्यापेक्षा चांगला उपाय आहे: आपण किती देऊ शकतो ते आधी स्वतःशी ठरवणे आणि तेवढेच, पण न चुकता देणे. ‘काही लागले तर सांगा’ असे म्हणू नका. हे वाक्य सगळेच म्हणतात, आणि स्वाभिमानी माणूस त्यावर कधीही काही सांगत नाही. त्याऐवजी नेमके बोला: ‘आजोबा, रविवारी सकाळी मी भाजी आणायला जातो, तुमची यादी घेऊन जाईन, आणि आल्यावर तुमच्याकडे चहा घेईन.’ यात दिवस ठरला, काम ठरले, मर्यादाही आपोआप ठरली. आणि चहा त्यांच्याकडेच घ्या. एकट्या वृद्धाला घेत राहण्यापेक्षा देण्याची भूक अधिक असते. त्यांनी केलेला चहा तुम्ही प्यायलात, त्यांच्याकडून जुन्या डोंबिवलीची माहिती विचारलीत, मुलीला पाढे म्हणून दाखवायला त्यांच्याकडे पाठवलेत, तर ते तुमच्या उपकाराखाली दबणार नाहीत. पैसे भाजीवाल्याच्या हिशेबाप्रमाणे त्यांच्याकडून घ्या; नको म्हणून त्यांना लाजवू नका. त्यांच्या मुलांचा किंवा जवळच्या नातेवाइकाचा फोन क्रमांक, चालू औषधांची नावे आणि दाराची एक जादा किल्ली कुणाकडे असते ही माहिती त्यांच्या संमतीने लिहून ठेवा. अडीअडचणीला तीच उपयोगी पडते. एखादा रविवार जमणार नसेल तर आदल्या दिवशी सांगा. ज्यांच्याकडे कुणी येत नाही, त्यांना येणारा माणूस न सांगता चुकला की फार लागते.

मदत करण्याआधी विचारावे, हा नियम सर्वत्र लागू आहे. दादरच्या पुलावर दृष्टिहीन माणसाचा दंड धरून त्याला ओढत नेणारी माणसे मी पाहिली आहेत; त्यांच्या मनात दयाच असते, पण त्या माणसाचा तोल जातो आणि मानही जातो. ‘मदत हवी का?’ असे विचारून आपला हात पुढे करावा, त्यांना हवा तसा तो त्यांनी धरावा. नको म्हटले तर वाईट वाटून घेऊ नये.

तुमच्यासारख्या मवाळ माणसांना आणखी एका गोष्टीची सूचना द्यावीशी वाटते. भिडेपोटी केलेली मदत आणि मनापासून केलेली मदत बाहेरून सारखीच दिसते, पण आतला परिणाम उलट असतो. नेट्टा वाइनस्टाइन आणि रिचर्ड रायन यांच्या २०१० मधील अभ्यासांत, स्वतःच्या इच्छेने केलेल्या मदतीने करणाऱ्याचे मन समाधानी झाले. दडपणाखाली केलेल्या मदतीने तसे झाले नाही. कार्यालयात सहकाऱ्याचे काम दर वेळी तुमच्याच अंगावर येत असेल, नातेवाईक उसने घेऊन परत करत नसतील, तर तेथे शांतपणे नकार देणे आवश्यक आहे. नाही म्हणता येत नसेल तर होकाराला किंमत राहत नाही, आणि मनात साठलेला राग शेवटी घरच्यांवर निघतो.

घराबाहेर काही नियमित करावेसे वाटले, तर मुंबईत त्याला तोटा नाही. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात उपचारांसाठी देशभरातून माणसे येतात, आणि त्यांपैकी अनेक कुटुंबे दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी राहतात. गाडगेबाबांनी स्वतःजवळ काही न ठेवता पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे धर्मशाळा उभारल्या, त्या परक्या गावी आलेल्या गरिबाला पाठ टेकायला जागा मिळावी म्हणून. अशा ठिकाणी एकदा जाऊन मोठी वस्तू देण्यापेक्षा, व्यवस्थापनाला विचारून दर महिन्याला एक ठरलेले काम अंगावर घेणे बरे. दृष्टिहीन विद्यार्थ्यांना परीक्षेत लेखनिक लागतात. तीन तासांच्या पेपरला तासामागे किमान वीस मिनिटे जादा मिळत असल्याने चार तास बसावे लागते आणि रजा काढावी लागते. लेखनिकाच्या शिक्षणाबाबत नियम असतात, ते आधी पाहून घ्यावेत. रजा शक्य नसेल तर सुटीच्या दिवशी त्यांना पुस्तके वाचून दाखवणेही तितकेच गरजेचे असते. रक्तदान पुरुषांना तीन महिन्यांनी आणि स्त्रियांना चार महिन्यांनी करता येते. मे महिन्यात महाविद्यालये बंद आणि माणसे गावी गेलेली असल्याने रक्तपेढ्यांत टंचाई असते, तेव्हा ते अवश्य करावे. रस्त्यावरच्या अपघातात पोलिसांच्या भीतीने मागे सरू नका: मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १३४अ, सद्भावनेने मदत करणाऱ्याला दिवाणी आणि फौजदारी जबाबदारीपासून संरक्षण देते. यांपैकी एकच काम निवडा आणि वर्षभर करा. सगळ्यांत थोडे थोडे करू नका.

स्वार्थाविषयीच्या तुमच्या प्रश्नाने मला तुमच्याबद्दल आदर वाटला, कारण तो प्रामाणिक माणसालाच पडतो. माझे मत असे आहे की हेतू शुद्ध होईपर्यंत थांबणे ही चैन गरजू माणसाला परवडत नाही. वॉर्डातल्या तापलेल्या रुग्णाला पाणी देणाऱ्याचा हेतू किती निर्मळ आहे याने त्या पाण्यात काही फरक पडत नाही. माणसाची मनोरचनाच अशी आहे की दुसऱ्याचे दुःख हलके झालेले पाहून त्याला समाधान मिळते, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. मी हेतूपेक्षा दोन वेगळ्या गोष्टी तपासते. पहिली, समोरच्याने आभार मानले नाहीत किंवा उलट चिडून बोलला, तरी तुम्ही पुढच्या आठवड्यात जाता का? दुसरी, त्याला तुमची गरज उरली नाही, तो सावरला, तर तुम्हाला आनंद होतो की पोकळी वाटते? पहिल्याचे उत्तर होय आणि दुसऱ्याचे आनंद असे असेल, तर स्वार्थाची चिंता करू नका. सुरुवातीला स्वतःसाठी म्हणून आलेले आणि पुढे माणसांत रमून गेलेले अनेक स्वयंसेवक मी पाहिले आहेत. पोकळी वाटत असेल तर मात्र थांबून विचार करावा लागेल, कारण मग आपण त्या माणसाला नकळत आपल्यावर अवलंबून ठेवू लागतो.

शेवटी एक वैद्यकीय बाब, जी मी अशा प्रत्येक प्रश्नकर्त्याला विचारते. निरर्थकतेची भावना दोन प्रकारे येते. एकीत माणूस रोजची कामे करतो, मुलीच्या खोड्यांवर हसतो, आवडते जेवण त्याला आवडते, पण सगळ्याचा धागा सापडत नाही. तुमचे पत्र वाचून मला ही स्थिती वाटते, आणि वरचे सारे तिच्यासाठी आहे. दुसरीत दोन आठवड्यांहून अधिक काळ बहुतेक दिवस मन उदास राहते, कशातच रस वाटत नाही, झोप आणि भूक बिघडते, लहानसहान निर्णय घेणे जड जाते, स्वतःविषयी अपराधी वाटते, कधी जगणेच नको होते. ही नैराश्याच्या आजाराची लक्षणे आहेत आणि त्यांवर चांगुलपणा हा पर्यायी उपचार नाही. पूरक म्हणून त्याचा उपयोग होतो: अमेरिकेतील ओहायोत डेव्हिड क्रेग आणि जेनिफर चीव्हन्स यांच्या २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नैराश्य, चिंता किंवा ताणाची लक्षणे असलेल्या १२२ जणांपैकी काहींना आठवड्यातून दोन दिवस, दिवसाला तीन अशा चांगल्या कृती करायला सांगितल्या होत्या. त्यांची लक्षणे कमी झाली, आणि इतर उपाय करून पाहणाऱ्या दोन गटांच्या तुलनेत त्यांना माणसांशी अधिक जोडले गेल्यासारखे वाटू लागले. पण आजार असेल तर आधी मनोविकारतज्ज्ञांची भेट घ्यावी, गोळ्या दिल्या तर त्या नियमित घ्याव्यात, आणि अशा काळात दुसऱ्यासाठी काही करता आले नाही म्हणून स्वतःला दोष देऊ नये. तेव्हा इतरांची मदत घेण्याची तुमची पाळी आहे. सार्वजनिक रुग्णालयांच्या मानसोपचार विभागात बाह्यरुग्ण तपासणी अल्प खर्चात होते. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य उपलब्ध आहे, आणि तेथे मराठीत बोलता येते.